त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस

वर्ग नापास झाला म्हणून मास्तरला जेवण गेलं नाही, तर कुणीही समजू शकेल. नीलकंठ चांदोरकरांना वर्ग पास झाला म्हणून जेवण गेलं नाही. मार्चचा शेवटचा आठवडा होता. झाशीत ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, सतरंजीवर नववी 'ब'च्या गणिताच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, पसरल्या होत्या. त्रेचाळिसावी कॉपी तपासून झाली आणि त्यांच्या लक्षात आलं की एकही पोर नापास झालेलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. तरी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पास. सहामाहीत यातले सतरा जण गटांगळ्या खात होते. कुसुम कुशवाहाला तेव्हा सत्तरपैकी नऊ होते. आता अठ्ठावन्न.

"शारदा," त्यांनी आत हाक मारली, "यात काहीतरी काळंबेरं आहे."

"आधी जेवून घ्या," शारदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "काळंबेरं कुठं पळून जात नाही."

नीलकंठरावांना मात्र ते पळून जाईल अशीच धास्ती होती. एकतीस मार्चला ते रिटायर होणार होते. बासष्ट वर्षं खरं म्हणजे सप्टेंबरातच पुरी झाली होती, पण सत्राच्या मध्ये मास्तर घरी बसू नये म्हणून सरकार मार्चपर्यंत मुदत देतं, त्या मुदतीवर ते शिकवत होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वर्गाचा तिसरा हिस्सा दरवर्षी नापास व्हायचा आणि त्यांना त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट तोच त्यांच्या प्रामाणिकपणाचा दाखला होता. बाकीच्या मास्तरांचे वर्ग पास होतात, कारण बाकीचे मास्तर डोळे मिटून बसतात, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते स्टाफरूममध्ये बोलून दाखवायलाही ते कमी करत नसत.

सिव्हिल लाइन्सच्या कडेच्या त्यांच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, पोरं त्यांना पाठीमागे 'दरोगाजी', म्हणजे फौजदार, म्हणत. परीक्षेच्या दिवशी ते अर्धा तास आधी जाऊन बाकांच्या खाली वाकून बघायचे. पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलून घ्यायचे. कंपासपेटीच्या झाकणाला आतून बोट लावून पाहायचे. एकदा एका पोराच्या हाताचं प्लास्टर त्यांना खोटं वाटलं, म्हणून त्यांनी ज्या डॉक्टरनं ते घातलं त्याला फोन लावला होता. प्लास्टर खरं निघालं. नीलकंठरावांनी पोराची माफी मागितली नाही, डॉक्टरचं नाव मात्र डायरीत लिहून ठेवलं.

घरी तरी वेगळं काय होतं? गॅसचा सिलिंडर आला की तो काट्यावर वजन करून घेतल्याशिवाय जिना चढायचा नाही. लग्नपत्रिका आली की तारखेचा वार जुळतो का ते कॅलेंडरात बघायचं. दार लावून खाली उतरले की परत वर येऊन कुलूप ओढायचं, आणि हे दोनदा. मुलगा अनुप बंगळुरूला गेला तेव्हा स्टेशनवरून त्यानं आईला विचारलं होतं, "बाबा कभी किसी की बात मान भी लेते हैं?" शारदाबाईंनी पोराच्या डब्यात आणखी एक लाडू घातला आणि विषय बदलला.

असं होण्याला कारण होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वरिष्ठ सहकाऱ्यानं कॉप्यांचा गठ्ठा हातात देऊन सांगितलं होतं, "गिने हुए हैं, आप बस दस्तख़त कर दीजिए." चांदोरकरांचं घराणं मराठ्यांच्या काळात सुभेदारांच्या दफ्तरात लिहायला म्हणून झाशीला आलेलं. त्यांचे वडील केशवराव कलेक्टरीत पेशकार होते. घरात शब्दाला मान होता. नीलकंठरावांनी सही केली. गठ्ठ्यात एक कॉपी कमी निघाली आणि कारणे दाखवा नोटीस त्यांच्या नावानं आली. सहकारी म्हणाला, "हमने तो गिनवा कर दिए थे." चार महिने ते अधिकाऱ्यांच्या दारात उभे राहिले. तेव्हापासून त्यांनी कुणावर विश्वास ठेवणं सोडलं ते सोडलंच. माणूस एकदा भाजला तर ताक फुंकून पितो, हे ठीक. हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

तर त्या दुपारी जेवण तसंच टाकून ते पुन्हा सतरंजीवर बसले आणि कॉप्या पहिल्यापासून चाळायला लागले. कुसुमच्या कॉपीच्या सहाव्या पानावर, कच्च्या कामाच्या जागेत, त्यांना रेघा दिसल्या. आकड्यापुढे उभ्या रेघा. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी दुसरी कॉपी उघडली. तिथेही रेघा. तिसरीत नव्हत्या. चौथीत होत्या. दुपार कलेपर्यंत त्यांनी एकोणीस कॉप्या बाजूला काढल्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या समासात त्याच एक, दोन, तीन उभ्या रेघा.

आता नीलकंठराव खुशीत आले. हे सांगायला बरं वाटत नाही, पण आले. पेपरच्या पहिल्या भागात वीस पर्यायी प्रश्न होते, प्रत्येकाला चार उत्तरं. एक रेघ म्हणजे पहिलं उत्तर, दोन म्हणजे दुसरं, तीन म्हणजे तिसरं. आणि ज्याला रेघच नाही ते चौथं. पोरांनी काय डोकं लढवलंय बघा, ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी कागद घेतला आणि रेघा उत्तरांशी जुळवायला बसले. वीसपैकी पाच जुळल्या. डोळे मिटून ठोकलं तरी पाच जुळतात, हे गणिताच्या मास्तरला सांगायला नको. पण नीलकंठरावांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. खूण साधी नाही, त्यांना वाटलं. कुणातरी मोठ्या माणसानं शिकवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकोणीस कॉप्या काखेत मारून ते प्रधानाचार्यांच्या खोलीत शिरले. मधुसूदन तिवारी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, अंगानं भरलेला आणि स्वभावानं सोशिक माणूस. त्यांनी कॉप्या उलटसुलट करून बघितल्या आणि खुर्चीत मागे टेकले.

"चांदोरकरजी, छत्तीस साल में पहली बार आपका सेक्शन पूरा पास हुआ है," ते म्हणाले, "और आप रपट लिखवाने आए हैं."

"पास हुआ नहीं है. करवाया गया है."

"किसने करवाया?"

"वही देखना है."

तिवारींनी चहा मागवला. चहा आल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "देखिए, कल बारह बजे तक रिज़ल्ट शीट पर आपके दस्तख़त चाहिए. परसों बँटना है. या तो दस्तख़त कर दीजिए, या लिखकर दे दीजिए कि नकल हुई है. लिखकर देंगे तो पूरे सेक्शन का रिज़ल्ट रुकेगा, अप्रैल में दोबारा परीक्षा होगी. पर आप तब नहीं होंगे. और लड़कियाँ दोबारा में कितनी आएँगी, ये आप मुझसे अच्छा जानते हैं."

ते खरंच जाणत होते. निकाल अडला की पोरी घरी बसतात, आणि एकदा घरी बसलेली पोर परत वर्गात येत नाही. कुसुमचा बाप तर सहामाहीनंतर शाळेत येऊन सगळ्यांदेखत सांगून गेला होता की यंदा पास झाली तर ठीक, नाहीतर पोर भाजीच्या ठेल्यावर बसेल. हे सगळं ठाऊक असूनही नीलकंठराव म्हणाले, "कल बारह बजे तक बताता हूँ." जाताना दारातून ते वळले आणि कॉप्या पुन्हा मोजून घेऊन गेले. तिवारींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

घरी आले तेव्हा शारदाबाई परातीत कणीक मळत होत्या. पुढच्या आठवड्यात रामनवमी होती. शहरातल्या मराठी घरांचा मिळून रामजन्माचा उत्सव होतो, त्याच्या प्रसादाचं आणि जेवणाचं बघणं गेली वीस वर्षं शारदाबाईंकडे होतं. पन्नास पानांना किती आणि सव्वाशे पानांना किती, हे त्यांच्याइतकं चोख कुणाला सांगता येत नसे. नीलकंठराव पाणी घ्यायला माठाशी गेले. माठाच्या वर, भिंतीला, पिठाच्या खळीनं चिकटवलेला एक कागद होता. तो तिथं दरवर्षी असतो. त्यांनी तो आजवर वाचला नव्हता, कारण स्वयंपाकघरातल्या कागदावर संशय घ्यावा असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. आज नजर गेली.

'रवा ७॥. साखर ६।. तूप ३॥।. गूळ २॥.'

साडेसात, सव्वासहा, पावणेचार, अडीच. पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. केशवराव असंच लिहायचे. लहानपणी पाटीवर त्यांनी पोराकडून हेच गिरवून घेतलं होतं, आणि रोज संध्याकाळी परवचा झाल्यावर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणून घेतली होती. साडेतीनाचा पाढा, औटकी, नीलकंठाला कधीच धड येत नसे. त्यापायी त्यांनी बोटांवर पट्टी खाल्ली होती. पुढे ते गणित शिकले, दशांश शिकले, आणि हे सगळं म्हाताऱ्यांचं म्हणून सोडून दिलं. सून म्हणून आलेल्या शारदेला मात्र केशवरावांनी ते हौसेनं शिकवलं, आणि तिनं ते सोडलं नाही.

चिडायचं की हसायचं, हे एखाद्याला कळलं नसतं. नीलकंठरावांना तिसरंच काही झालं. त्यांचा संशय गेला नाही, त्याला नुसतं घर मिळालं. आणि ते घर त्यांचंच होतं.

"या रेघा," ते म्हणाले, "तू कुणाला शिकवल्यास?"

शारदाबाईंचे हात थांबले नाहीत. "तुमच्या नववीच्या पोरींना. चार-सहा पोरंही येतात."

"इथं?"

"गच्चीवर. तुम्ही मतदार यादीच्या ड्युटीवर होतात ना, नोव्हेंबरपासून. शाळेतून परस्पर छावणीकडे जायचात ते सातला यायचात. ती कुसुम भाजी घेऊन आली एकदा. पाऊण किलो दे म्हटलं तर काटा हातात धरून उभीच राहिली. पाऊण म्हणजे किती तेच कळेना. नववीतली पोर. मी म्हटलं, बस, सांगते. दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन आली. मग येत राहिली पोरं."

नीलकंठरावांना एकेक गोष्ट आठवत गेली. माठ हिवाळ्यात दिवसाला रिकामा व्हायचा. गच्चीच्या भिंतीवर खडूचे डाग असायचे. जिन्याच्या खालच्या पायरीवर चपलांची माती. त्यांनी तेव्हा त्या मातीवरून खालच्या भाडेकरूशी भांडण काढलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, तेवढं सांगा."

त्यांनी ते बंद केलं असतं. शिक्षकाच्या घरी त्याच्याच वर्गाची शिकवणी म्हणजे काय बाहेर बोंब होईल हे सांगितलं असतं, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. पेन्शनचे कागद अजून वर निघायचे होते. हे सगळं त्यांच्या मनात आलं आणि मग ते आलं जे यायला नको होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गणिताचा पेपर त्यांनीच काढला होता. छापायला देईपर्यंत तो तीन दिवस याच घरात, पलीकडच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होता.

"शारदा," ते म्हणाले, "पेपर पाहिलास का?"

आता हात थांबले.

"काय म्हणालात?"

"तीन दिवस कपाटात होता. किल्ली माझ्या जानव्याला होती, पण आंघोळीला..." पुढचं त्यांना बोलवेना, तरी नजर त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावरून हलवली नाही. वर्गात उभ्या केलेल्या पोराकडे पाहावं तसे ते पाहत राहिले.

शारदाबाईंनी कणकेवर ताट झाकलं. हात धुतले, पदराला पुसले. रडल्याबिडल्या नाहीत. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "दर मार्चला त्या कपाटात पेपर असतो. त्या खोलीत लोणच्याची बरणी काढायला गेले ना, तरी मी दार सताड उघडं ठेवते. तुम्हाला वाटू नये म्हणून. तुम्हाला हे कधी दिसलं नाही. बाकी सगळं दिसतं."

"मी फक्त विचारलं."

"विचारलंत. मी पाहिला नाही. आता यावर तुमचा विश्वास बसतो का?"

नीलकंठरावांची नजर पलीकडच्या खोलीच्या दाराकडे गेली. त्या नजरेलाच उत्तर म्हणतात, हे शारदाबाईंना पस्तीस वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

"मग जा," त्या म्हणाल्या, "पोरींना विचारा. तपासल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. पण उद्या बाराच्या आत तपासा."

त्या दिवशी घरात दोघं एकमेकांशी पोळी वाढण्यापुरतं बोलले. नीलकंठरावांनी छापखान्यातून परत आलेलं पेपरचं पाकीट काढून त्यावरची आपली सही उजेडात धरून पाहिली. सही शाबूत होती. पण वाफेवर पाकीट उघडता येतं हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

सकाळी आठला ते कुसुमच्या घरी गेले. ओरछा गेटकडून डावीकडे वळलं की चौथी गल्ली. बाप ठेला घेऊन गेला होता, आई नळावर होती. कुसुम ओट्यावर पालक निवडत बसली होती. सरांना पाहून ती उठली आणि पालक तिच्या मांडीवरून खाली सांडला.

"बैठो, बैठो," नीलकंठराव म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले. वाटेत त्यांनी एक नवं गणित जुळवून आणलं होतं. पेपरात नसलेलं, पुस्तकात नसलेलं. "एक गोल टंकी है. त्रिज्या साढ़े तीन फुट, ऊँचाई आठ फुट. पानी कितना आएगा? यहीं बताओ. मेरे सामने."

पोरीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, मग ओट्यावर पडलेला विटेचा तुकडा उचलला. फरशीवर तिनं लिहिलं, ३॥. तिचे ओठ हलायला लागले. नीलकंठराव खाली वाकले. ती मराठीत पुटपुटत होती. बुंदेली जिभेवर मराठी शब्द जरा आडवेतिडवे पडत होते, पण पाढा सुरात होता.

"बावीस औट सत्त्याहत्तर," ती म्हणाली. "सात से काटो, ग्यारा. अकरा औट साडेअडतीस." तिनं लिहिलं, ३८॥. "अब आठ से. तीन सौ आठ. सर, तीन सौ आठ घन फुट."

नीलकंठरावांनी मनातल्या मनात गुणाकार करून पाहिला. ते अजून मध्यावरच होते. तीनशे आठ बरोबर होतं.

"ये किसने सिखाया?"

"काकू ने," ती म्हणाली. मग घाबरून म्हणाली, "सर, हमने नकल नईं करी. काकू ने कछू नईं बताओ पेपर को. हम ने एक बेर पूछी हती, तो बे बोलीं कि पेपर की बात करनी होय तो जिन आओ."

म्हणजे पोरीनं विचारलं होतं, आणि शारदेनं तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. नीलकंठरावांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. इथंच त्यांनी निघायला हवं होतं. पण मास्तरकीची खोड जाते कुठे.

"काकू से पूछा," ते म्हणाले, "तो क्लास में मुझसे क्यों नहीं पूछा? मैं पढ़ाता नहीं था?"

कुसुमनं मान खाली घातली आणि पालक गोळा करायला लागली. "पूछो हतो, सर."

"कब?"

"जुलाई में. आप भिन्न पढ़ा रए थे. हमने हात उठाओ हतो." ती थांबली. बोलावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, हे नीलकंठरावांना दिसलं. "आप आए, और हमाई मुट्ठी खुलवा के देखी. कि हात में का लिखो है."

गल्लीतून एक स्कूटर गेली. नीलकंठरावांना तो दिवस आठवेना. त्यांनी आठवायचा फार प्रयत्न केला, पण असे दिवस इतके होते की हा त्यातला कुठला ते सापडेना. पोरीनं शंका विचारायला हात वर केला होता आणि त्यांनी त्या हातात चिठ्ठी शोधली होती. हातात काही नव्हतं. मग तिनं तो हात परत वर केला नाही, आणि तिचं पाहून इतरांनीही केला नसेल. किती वर्षं असंच चाललं असेल? आपल्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते असं ते सगळ्यांना सांगत आले होते. ही शांतता त्यांना शिस्त वाटत आली होती. ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या बासष्ट वर्षांच्या त्या माणसाला त्या घटकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काए, सर, ग़लत है का?" कुसुम म्हणाली. ती फरशीवरच्या गणिताकडे पाहत होती.

"नहीं," ते म्हणाले. "सही है. बिल्कुल सही है." आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. माफी हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला, पण छत्तीस वर्षांत तो एकदाही वापरला नसल्यामुळे तिथंच अडकला. ते खाली वाकले आणि सांडलेल्या पालकाच्या दोन जुड्या उचलून तिच्या टोपलीत ठेवल्या. तेवढंच त्यांना जमलं.

साडेअकराला ते तिवारींच्या खोलीत पोचले. निकालपत्रक टेबलावर होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्रेचाळीस नावांच्या खाली सही केली. सही करण्याआधी त्यांनी नावं मोजली नाहीत. तिवारींना ते इतकं विचित्र वाटलं की त्यांनी विचारलं, "तबीयत तो ठीक है?"

"पता चल गया, किसने पास करवाया," नीलकंठराव म्हणाले.

"किसने?"

"मैंने तो नहीं करवाया," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं.

तिवारींनी पुढे विचारलं नाही. काही गोष्टी कागदावर न आलेल्या बऱ्या, हे प्रधानाचार्य होता होता माणूस शिकतोच.

घरी शारदाबाई खाटेवर बसून रवा चाळत होत्या. नीलकंठराव आत आले, चपला काढल्या, समोरच्या स्टुलावर बसले. दाराचं कुलूप ओढून पाहायला ते परत खाली गेले नाहीत, हे शारदाबाईंच्या लक्षात आलं असावं.

"सही केली," ते म्हणाले.

"तपासून?"

खोटं बोलता आलं असतं. 'तू सांगितलंस म्हणून केली' असं म्हटलं असतं तर घर पुन्हा हसतं झालं असतं, आणि त्यांना खरंच तसं म्हणावंसं वाटलं. "तपासून," ते म्हणाले.

"हं." चाळणी चालत राहिली. रव्याची बारीक धूळ त्यांच्या मनगटावर बसत होती. "म्हणजे पोरी सुटल्या. मी सुटले त्यांच्या साक्षीवर."

हे दुखणं आता असंच राहणार, हे त्यांना दिसलं. पोरीनं फरशीवर गणित सोडवून स्वतःला सोडवून घेतलं होतं. बायकोसाठी तसलं गणित कुठे नव्हतं. तिच्याबाबतीत विश्वास ठेवायची एकच वेळ आली होती आणि ती कालच्या दुपारी माठापाशी निघून गेली होती. उद्या निकाल वाटला जाईल, हारतुरे होतील, कुणीतरी त्यांच्या शिस्तीवर भाषण करील. ते ऐकायचं कसं, हे त्यांना कळेना.

"शारदा," ते शेवटी म्हणाले, "ती पोरं गच्चीवर यायची. माझ्याबद्दल काय काय बोलायची?"

शारदाबाईंनी चाळणी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे विचारताय," त्या म्हणाल्या, "की तपासताय?"

'विचारतोय' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण मनात आधी काय आलं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

"मला आधी नावं हवी होती," ते म्हणाले. "कोण काय बोललं त्याची."

"ती मिळायची नाहीत," शारदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाय वर घेतले, मांडी घातली, आणि सांगायला सुरुवात केली.